बाहेर पडायची मुभा

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी आत्ता ‘आपल्या डॉक्टर’ अशी ओळख करून दिली आणि तिसऱ्या रांगेतल्या एका काकांचा हात लगेच गुडघ्यावर गेला. काका, माझी पीएचडी झोपेवरची आहे. तीसुद्धा स्वतःची मोडून केलेली.

घरातल्या दीर्घ आजारी माणसाचं जे करतात, त्यांच्या झोपेचं काय होतं, हा माझा विषय. झोप मोजायला पिट्सबर्गची एक प्रश्नावली जगभर वापरतात, १९८९ सालची. गेल्या महिन्याभरातल्या झोपेबद्दल १९ प्रश्न, गुण ० ते २१, आणि ५ च्या वर गेलात की झोप वाईट. सरावासाठी मी ती वडिलांना फोनवर विचारली. १४ आले. ते खूश! “२१ पैकी १४? म्हणजे फर्स्ट क्लास!” आपण सगळे असेच वाढलो.

तर, गेल्या आठवड्यात लेक माझा प्रबंध चाळत होती. शेवटी, अभ्यासात भाग घेणारे सही करतात त्या संमतीपत्राचा नमुना आहे. तो वाचून म्हणाली, “आई, इथे लिहिलंय, ‘कोणतंही कारण न देता आपण कधीही बाहेर पडू शकता.’ आजीला पण पडता येतं का?”

सासऱ्यांना डिमेन्शिया आहे, म्हणजे स्मृतिभ्रंश. रात्री उठून ते बूट शोधतात, ऑफिसला उशीर होतोय म्हणून. सासूबाईंनी दाराच्या कडीला घुंगरू बांधलंय. ते वाजलं की उठायचं.

संमतीपत्रातलं ते वाक्य सहजासहजी आलेलं नाही. माणसांवर त्यांना न विचारता भयंकर प्रयोग झाले, त्यानंतर माणसांवरच्या संशोधनाचे नियम आले: १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता, मग १९६४ ची हेलसिंकी घोषणा. आज ते वाक्य नसेल तर नैतिकता समिती तुमचा कागद पुढे सरकू देत नाही. आणि लोक ही मुभा वापरतातही. माझ्या अभ्यासातून बरेच जण मध्येच गळले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं: गळलेले कोण? कारण सगळ्यांत दमलेली माणसं आधी गळतात आणि उरलेल्यांचे आकडे उगाचच बरे दिसतात. मी रीतसर आकडेवारीतलं उत्तर दिलं, त्यांनी मान डोलावली, पदवी मिळाली. पण त्या लोकांनी सोडला तो माझा अभ्यास. घरातला पलंग कुठे सोडता आला? हे त्या खोलीत कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

आता थोडं तुमच्याबद्दल, रागावू नका. मंडळाच्या ग्रुपवर मी प्रश्नावलीची लिंक टाकली होती. एरवी सुप्रभातला अंगठ्यांचा पाऊस पडतो. मला आलं ‘अभिनंदन ताई’ आणि ‘आमच्याकडे सगळं छान आहे’. मग कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडं धरून, तुमच्यातल्याच कितीजणी माझ्याशी बोलत राहिल्या. नवरे आत हॉर्न वाजवतायत. शेवटी वाक्य ठरलेलं: “करावं लागतं हो.” यातलं एक अक्षर प्रबंधात नाही. संमतीच नव्हती, घेणार कसं? माझ्या मते सगळ्यांत खरी माहिती तीच होती.

अशा बाईचं आपण स्टेजवर बोलावून कौतुक करतो, फोटो काढतो. “शनिवारी रात्री मी येऊन बसतो, तुम्ही झोपा,” असं म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. आमच्या घरी हा प्रयोग झाला. नवरा वडिलांच्या खोलीत झोपला. घुंगरू वाजलं, तो घोरत होता आणि सासूबाई शेजारच्या खोलीतून येऊन उभ्या. म्हणाल्या, त्यांना दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. खरंच चालत नाही, की चालू दिलेला नाही? मला ठरवता येत नाही.

लेकीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ‘हो’ म्हटलं तर ‘मग आजोबांजवळ कोण?’ हा तिचा पुढचा प्रश्न असणार. नवऱ्याचं, माझं, नणंदेचं अशी नावं घेऊन आम्ही वार लिहायला बसलो होतो. शनिवार-रविवार भरले, सोमवारपासून सगळ्यांनाच ऑफिस आहे.