दारातल्या चपला

(दृश्य: शिवाजी पेठ, दिवेलागण. तालमीचा उंबरा, बाहेर चपलांचे जोड.)

आत लाल माती, शड्डूचे आवाज. तालमीचा एक न लिहिलेला नियम आहे: शेवटी जो निघेल, त्यानं दिवा मालवायचा. पण आपणच शेवटचे, हे कळायचं कसं? सोपं आहे. दारात फक्त आपलाच जोड उरलेला असतो.

पायथन ही संगणकाची भाषा मेमरी अशीच राखते. तिथला प्रत्येक ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीत ठेवलेली यादी, आकडा अशी कुठलीही वस्तू, ही एक तालीम, आणि त्याला धरून असलेलं प्रत्येक नाव म्हणजे दारातला एक जोड.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा.)

'अ' नावाची एक यादी केली. धरून असलेल्या नावांची मोजणी १. मग 'ब = अ' लिहिलं. यादीची नक्कल झाली नाही, त्याच यादीला दुसरं नाव मिळालं. मोजणी २. आता 'डेल अ', म्हणजे 'अ' हे नाव काढून टाक. नवशिक्यांना वाटतं, यादी पुसली गेली. छे! एक जोड गेला, इतकंच. 'ब' पण गेला की शून्य, आणि त्याच क्षणी जागा मोकळी. जॉर्ज कॉलिन्स यांनी ही युक्ती १९६० साली मांडली, पायथनच्या जन्माआधी कितीतरी वर्षं.

मोजणी विचारायला 'गेटरेफकाउंट' आहे. ते बहुतेक वेळा एक जास्त सांगतं. मोजायला आलेल्यानंही दारात चपला काढल्या ना!

(दृश्य: रात्र. दोनच जोड उरलेत.)

खरी अडचण इथं आहे.

"तू हो म्होरं, मी आलोच."
"आधी तू हो की रं!"

दोघंही एकमेकांसाठी थांबलेत, बाहेर त्यांची वाट बघणारं कुणी नाही. दोन ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसले की असंच होतं. मोजणी शून्यावर येत नाही, दिवा जळतच राहतो. मोजणीला चपला दिसतात, माणसं दिसत नाहीत.

म्हणून २००० साली, पायथन २.० मध्ये, एक वस्ताद नेमला. तो अधूनमधून फेरी मारतो. आतल्यांनी एकमेकांना धरलेलं तेवढं मोजणीतून वजा करतो, आणि बघतो, बाहेरून धरणारं कुणी उरतंय का. नसेल, तर दोघांनाही बाहेर काढून दिवा मालवतो.

आणि कोपऱ्यातला मारुती? त्याला कुणी मोजत नाही, तो कुठं जायचाच नाही. २०२३ च्या पायथन ३.१२ पासून 'नन' (काहीच नाही), 'ट्रू' (खरं), 'फॉल्स' (खोटं) या कायमच्या ऑब्जेक्टनाही पायथननं मारुतीशेजारी बसवलंय.