आत थोडी माया ठेवा

नमस्कार. दुपारची वेळ आहे, जेवणं आटोपली असतील. मशीनवर बसून ऐकत असाल तर पाय चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

आज बोलायचंय ते धंदा चालवता चालवता बाळंतपणाची तयारी कशी करायची याबद्दल. नोकरीवालीला कायदा आहे. सुरुवात झाली 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यानं. 2017 मध्ये तो बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा झाली. पण ती कुठे, तर 10 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे. शिलाईवाली, पोळीभाजीवाली, पार्लरवाली, हिला कोण देणार? आपणच मालकीण, आपणच कामवाली. रजेचा अर्ज आपणच करायचा आणि नामंजूरही बहुतेक वेळा आपणच करतो.

म्हणून दोनच गोष्टी सांगते. तारखेला माया ठेवा. आणि डोक्यातलं वहीत उतरवा. माया म्हणजे शिलाईच्या आत सोडतो ते जादा कापड, शिवणाऱ्या बाईला काय सांगायचं! हल्लीच्या कितीतरी तयार ब्लाउजांना ती नसतेच. बाई जरा भरली की ब्लाउज बाद. मला विचाराल तर ते कपडेच नव्हेत.

तर माझी गोष्ट. 9 वर्षांपूर्वीची. सांगलीत घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान. डॉक्टरांनी तारीख दिली 28 नोव्हेंबर. मी हिशेब मांडला, 15 तारखेपर्यंत मशीन चालवू, मग आराम. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, आणि एका नवरीचे 5 ब्लाउज अंगावर घेतलेले. मदतीला एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची, हात अगदी सफाईदार.

आणि 7 तारखेच्या पहाटेच माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. तीन आठवडे आधी! रिक्षात बसताना मी पोरीला एवढंच म्हटलं, "वहीत सगळं आहे गं."

वहीत होतं काय, तर नवरीच्या नावापुढे लिहिलेलं, "आईच्या मापाचा. उ. +1". बस. मला माहीत होतं, ही नवरी बॅडमिंटन खेळते, उजवा दंड जाड आहे, म्हणून उजवी बाही इंचभर सैल. पण पोरीनं वाचलं, उ म्हणजे उंची. तिनं पाचही ब्लाउज इंचभर लांब केले.

चौथ्या दिवशी फोन. मी बाळंतीण, आईनं कानात कापूस घालून वरून रुमाल आवळलेला. पलीकडून पोरगी रडतेय, "ताई, बाही दंडावर अडकली." मला ऐकू येतंय, "आई दंडावर पडली." मी इकडे घाबरीघुबरी! कुणाची आई? आई म्हणते, मी इथेच आहे. शेवटी रुमाल सोडला, आईची बोलणी खाल्ली, कारण बाळंतिणीच्या कानाला वारा लागू द्यायचा नसतो, आणि मग उलगडा झाला.

म्हटलं, "रडू नकोस. बाही आतून बघ. मी कापताना माया किती सोडली आहे?"

"दीड इंच, ताई."

"मग उसव, आणि सोड. लांबी आत दुमडून हातशिलाई घाल."

रात्रभर बसली पोरगी. पाचही ब्लाउज सकाळी तयार. नवरी म्हणाली, असे बसणारे ब्लाउज आयुष्यात घातले नव्हते. बघा म्हणजे.

तर पुन्हा सांगते, तारखेला माया ठेवा. डॉक्टरांची तारीख असेल, तिच्या महिनाभर आधीपासून नवं काम घेऊ नका. आगाऊ पैसे घेतलेली कामं आधी संपवा. आणि वही अशी लिहा की दुसरीला वाचता येईल. जीएसटी नंबर असेल तर विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावं लागतं, तेवढं कुणावर तरी सोपवून ठेवा. पहिल्या मुलासाठी मातृवंदना योजनेचे 5000 रुपये मिळतात, अटी अंगणवाडीत विचारा. डोहाळजेवणाला फुलांचा झोपाळा आणि दीडशे फोटो होतात, पण तुझ्या ऑर्डरींचं काय असं एक बाई विचारत नाही. मी विचारते, म्हणून मला हल्ली फारसं कुणी बोलावत नाही.

त्या पोरीनं मात्र बोलावलं. आता तिचं स्वतःचं दुकान आहे, सातवा महिना लागलाय. ओटी भरून झाल्यावर मी तिची वही मागितली. पहिल्याच पानावर लाल शाईनं मोठ्या अक्षरात लिहिलंय, "उ म्हणजे उजवी. उंचीला पूर्ण उंची लिहिणे."