पिवळी रेष कागदावर का हरवते

नमस्कार मंडळी. माझ्या हातात दोन कागद आहेत. दोन्ही ए-थ्री, दोन्हींवर एकच ड्रॉइंग. साधी फ्लँज आहे, म्हणजे पाइप जोडायची चकती; मध्ये बोअर, म्हणजे मोठं भोक, आणि भोवती पिच सर्कलवर, म्हणजे भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळावर, सहा भोकं. उजव्या हातातला कागद मागच्या रांगेपर्यंत दिसतोय ना? आता डावा बघा. बाहेरची कड दिसते, भोकं दिसतात. पण पिच सर्कल कुठंय? मापं कुठंत? आहेत, पण कागद ट्यूबलाइटखाली तिरका धरला तर. आपल्या नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत दुपारी मशीनवर उभा असलेला माणूस कागद तिरका धरत नाही. तो वर लिहिलंय ते वाचतो, आणि जे दिसत नाही ते त्याच्या दृष्टीनं नाहीच.

दोन्ही कागद एकाच फाइलमधून, एकाच प्रिंटरवर काढलेत. डावा काढताना प्रिंटरला सांगितलं, ‘ग्रेस्केल’, म्हणजे रंगांचे करडे कर. उजवा काढताना कॅडला, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरला, सांगितलं, ‘सगळ्या रेषा काळ्या’. आज बोलायचंय ते एवढ्याच फरकावर.

बहुतेक ऑफिसांत कॅडचा पडदा काळा असतो. काळ्यावर सगळ्यात झगझगीत काय दिसतं? पिवळा, मग आकाशी, मग हिरवा. म्हणून मापं पिवळ्यात, सेंटर लाइन आकाशीत, अक्षरं हिरव्यात. निळ्यात कुणी काही काढत नाही, कारण काळ्यावर निळा दिसतच नाही. आता संगणक रंगाचा करडा कसा करतो ते बघा. नेहमीच्या सूत्रात लालाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ असं वजन दिलेलं असतं. शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे कोरा कागद धरला, तर पिवळा येतो २२६ वर. आकाशी १७९, हिरवा १५०, मजेंटा १०५, लाल ७६ आणि निळा २९. म्हणजे पडद्यावर जो रंग जितका उठून दिसतो, तितका तो कागदावर फिका पडतो. ड्रॉइंगमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आपण हौसेनं पिवळ्यात ठेवतो आणि छापताना नेमकी तीच घालवतो.

गोष्ट फिकेपणावर थांबत नाही. लेझर प्रिंटरमध्ये करडा टोनर नसतो, काळाच असतो. करडा दाखवायचा तर तो काळे ठिपके विरळ टाकतो. ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपके टाकणाऱ्या, मशीनवर एक ठिपका साधारण ०.०४२ मिलिमीटरचा. आपली ०.१३ ची बारीक रेष म्हणजे जेमतेम तीन ठिपके रुंद. त्यात २२६ चा करडा हवा, तर नऊ ठिपक्यांत एक काळा आणि आठ कोरे. तीन ठिपक्यांच्या पट्टीत नवातला एकच भरलेला! भिंग लावून बघा, सलग काढलेली रेष तुटक झालेली दिसते. आणि तुटक रेष म्हणजे काय, हे इथल्या आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक आहे: झाकलेली कड. म्हणजे ड्रॉइंग नुसतं फिकं आलं नाही, ते खोटं बोलायला लागलं. पार दिसेनाशी झालेली रेष एक वेळ परवडली; निदान कुणीतरी फोन करून विचारतो.

आता, मुळात हे रंग आले कुठून? इथे काही पिकल्या केसांची मंडळी बसलीत, त्यांनी ट्रेसिंगवर शाईच्या पेनांनी काम केलंय. त्या पेनांच्या कड्या आठवा. ०.१८ ला लाल कडी, ०.२५ ला पांढरी, ०.३५ ला पिवळी, ०.५ ला तपकिरी, ०.७ ला निळी. आणि शाई? सगळ्यांत काळी. पिवळं पेन म्हणजे पिवळी रेष असं कुणाच्या मनातही आलं नाही. पिवळं म्हणजे पस्तीसचं. या जाड्यांचा क्रमही मुद्दाम ठेवलेला आहे, प्रत्येक पुढची जाडी मागचीच्या साधारण १.४ पट. ए-थ्रीवरून ए-फोर केलं की रेष बरोबर एक पायरी खाली उतरते. दुरुस्ती करायची तर त्या लहान कागदावरही त्या जाडीचं पेन हाताशी असतं.

डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड हे कॅड सॉफ्टवेअर आलं, तेव्हा छापायला पेन प्लॉटर होते, म्हणजे खरं पेन धरून कागदावर रेषा ओढणारी यंत्रं. हेवलेट-पॅकार्डच्या ७४७५ए या प्लॉटरमध्ये सहा पेनं बसायची. एक नंबरचा रंग आला की एक नंबरचं पेन उचलायचं, दोनचा आला की दुसरं. पडद्यावरचा लाल हा रंग नव्हताच, तो पेनाचा नंबर होता, आणि त्या खोबणीत काळं पेन असलं तर रेष काळीच उमटायची. पेनं गेली, इंकजेट आले, लेझर आले, पण नंबर राहिले. १९९९ मध्ये आलेल्या ऑटोकॅड २००० नं याच कल्पनेचं टेबल केलं. तीच आजची सीटीबी फाइल. १ ते २५५ नंबरचे रंग, आणि प्रत्येकापुढे लिहायचं की हा छापताना कुठल्या रंगाचा, किती जाड, किती गडद. सीटीबी उघडून बघा, २५५ पेनांचा डबा आहे तो! आपल्यातले बहुतेक जण तो डबा न उघडताच वापरतात, ही माझी तक्रार आहे.

उघडायचा कसा, ते सांगतो. प्लॉटच्या खिडकीत उजवीकडे वर प्लॉट स्टाइल टेबल असतं. तिथे ‘मोनोक्रोम डॉट सीटीबी’ निवडा, २५५ चे २५५ रंग काळे. ‘ग्रेस्केल डॉट सीटीबी’ निवडू नका, ती डाव्या हातातल्या कागदाची धाकटी बहीण आहे. पण मोनोक्रोम निवडून काम अर्धंच होतं. सगळं काळं झालं आणि सगळं एकाच जाडीचं राहिलं, तर ड्रॉइंगची जाळी होते; कुठली कड आणि कुठली मापाची रेष, कळत नाही. रंग काढला की त्याचं काम जाडीकडे द्यावं लागतं. टेबल एडिट करा, फॉर्म व्ह्यू उघडा, दिसणाऱ्या कडांच्या रंगाला ०.५ द्या, झाकलेल्या कडांना ०.३५ किंवा ०.२५, मापं, सेंटर लाइन आणि हॅच (भाग भरायच्या तिरप्या रेषा) ०.१८ किंवा ०.२५. जाड आणि बारीक यांत किमान दुपटीचा फरक ठेवा. लेअरलाच, म्हणजे ड्रॉइंगच्या थरालाच, लाइनवेट (रेषेची जाडी) दिलं असेल तर टेबलात ‘ऑब्जेक्टचं लाइनवेट वापरा’ ठेवलं तरी चालतं, पण दोन्हीकडे अर्धं-अर्धं ठेवू नका.

आणि ए-वनचं ड्रॉइंग साइटसाठी ए-थ्रीवर काढणार असाल, जे आपल्याकडे रोज होतं, तर लांबी निम्मी होते. जाडीही सोबत निम्मी केलीत, तर ०.१८ ची रेष ०.०९ वर जाते, म्हणजे दोन ठिपके. लेआउटमधून, म्हणजे छापायचं पान मांडलेल्या टॅबवरून, छापताना ‘स्केल लाइनवेट्स’ नावाची चौकट असते, तिच्यावर लक्ष ठेवा. अडीच मिलिमीटरची अक्षरं सव्वाची होतात ते वेगळंच. त्याला प्लॉट स्टाइल काही करू शकत नाही.

आता ज्याच्यासाठी लोक झेरॉक्सच्या दुकानातून फोन करतात ते. ‘मोनोक्रोम लावलंय, तरी दोन रेषा रंगीत येतात.’ त्या रेषा ट्रू कलरमध्ये आहेत. सीटीबी फक्त १ ते २५५ नंबर ओळखते. कुणी रंग निवडताना दुसऱ्या टॅबवर जाऊन लाल-हिरवा-निळा यांचे आकडे टाकून रंग घेतला, की तो टेबलाच्या बाहेर गेला. थ्रीडीतून किंवा दुसऱ्याच सॉफ्टवेअरमधून आलेल्या ब्लॉकमध्ये हे हमखास सापडतं. यातलं सगळ्यात वाईट म्हणजे ट्रू कलरचा पांढरा. सात नंबरचा पांढरा कागदावर काळा होतो, पण २५५, २५५, २५५ असा घेतलेला पांढरा पांढराच छापला जातो. पांढऱ्या कागदावर! काळ्या पडद्यावर दोघं जुळे भाऊ दिसतात. प्रॉपर्टीजमध्ये रंगापुढे नंबर आहे की तीन आकडे, एवढंच बघायचं.

याच्या उलट अडचण सॉलिड हॅचची, म्हणजे रेषांऐवजी सलग रंग भरलेल्या भागाची. भिंत करड्या सॉलिडनं भरलेली असते, मोनोक्रोम लावलं की भिंत डांबर होते आणि तिच्यावरचा मजकूर बुडतो. त्या एका रंगापुरतं टेबलात स्क्रीनिंग, म्हणजे गडदपणाचा टक्का, १०० वरून २५-३० वर आणा. किंवा मघाची खोडच कामाला लावा, हॅचला मुद्दाम ट्रू कलरचा फिका करडा द्या, मोनोक्रोम त्याला हात लावणार नाही. मला पहिली पद्धत पसंत आहे. दुसरी केलेली सहा महिन्यांनी कुणाच्या लक्षात राहत नाही.

बाकी सॉफ्टवेअरचं थोडक्यात. सॉलिडवर्क्समध्ये पेज सेटअपला ‘ड्रॉइंग कलर’ आहे, तिथे ‘ब्लॅक अँड व्हाइट’ घ्या. रेव्हिटच्या प्रिंट सेटअपमध्ये ‘ब्लॅक लाइन्स’ आहे. तो रेषा आणि अक्षरं काळी करतो, भरीव भाग करडे ठेवतो, म्हणजे हॅचचा घोळ तिथे आपोआप मिटतो. लिब्रेकॅड फुकट आहे, विद्यार्थ्यांनी जरूर वापरावं. त्याच्या प्रिंट प्रीव्ह्यूमध्ये काळ्या-पांढऱ्याचं बटण आहे.

झेरॉक्सच्या दुकानात काय होतं? तुम्ही रंगीत पीडीएफ पेनड्राइव्हवर नेता आणि म्हणता, ‘दादा, ए-थ्री, ब्लॅक अँड व्हाइट.’ दादाच्या मशीनला ते ग्रेस्केल म्हणूनच कळतं. तो बिचारा ‘डार्क करतो’ म्हणून घनता वाढवतो. त्यानं कोरा भागही मळतो आणि पिवळी रेष काही उठत नाही. ती दुरुस्ती पीडीएफ बनवतानाच व्हायला हवी. दुसरं, मशीन ऑटो कलरवर असलं तर एका लाल रेषेपायी अख्खं पान रंगीत मोजलं जातं, आणि बिल तसं लागतं. आणि तिसरं, पाऊस. बऱ्याच इंकजेट प्लॉटरांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या कणांची, आणि रंगीत शाया डायच्या, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाच्या, असतात. जुलैत त्र्यंबक किंवा इगतपुरीच्या साइटवर कागद भिजला, की रंग ओघळतात आणि काळं बऱ्यापैकी टिकतं.

म्हणजे रंग टाकूनच द्या असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. शरणपूर रोडला महापालिकेत बांधकाम परवानगीचा नकाशा नेता, तिथे रंग हाच मजकूर असतो. प्रस्तावित काम लाल, पाडायचा भाग पिवळ्या हॅचमध्ये, ड्रेनेज लाल ठिपक्यांत. तो नकाशा मोनोक्रोममध्ये काढलात, तर ठेवायचं काय आणि पाडायचं काय, हेच कळणार नाही. त्याच नकाशाची ग्रेस्केल झेरॉक्स ठेकेदाराकडे गेली, तर पाडायचा भाग, जो पिवळा आहे, तो आधीच पाडल्यासारखा दिसेल. म्हणून परवानगीची सीटीबी वेगळी, साइटची वेगळी, आणि साइटच्या नकाशात पाडायच्या भिंतीवर हॅचचा नमुना बदला आणि शब्दांत लिहा. तसंही लाल आणि हिरव्यात फरक न दिसणारे लोक आपल्यात असतात, आणि ते गवंडीही असतात, इंजिनिअरही असतात. ज्या गावात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, तिथे रेष छापण्यावरून एवढं बोलावं लागतंय, याची मला गंमत वाटते.

एक प्रश्न आलाय. ताई विचारतायत की क्लायंट डीडब्ल्यूजी फाइल, म्हणजे ऑटोकॅडची मूळ ड्रॉइंग फाइल, मागतो, आणि त्याच्या ऑफिसात तीच फाइल वेगळी छापली जाते, असं का.

ताई, सीटीबी डीडब्ल्यूजीच्या आत नसते. फाइलमध्ये तिचं फक्त नाव असतं. त्याच्या मशीनवर त्या नावाची फाइल नसेल, तर तुमची जाडी, तुमचा काळा, काहीच पोचत नाही. म्हणून पाठवताना ‘ई-ट्रान्समिट’ वापरा, ते प्लॉट स्टाइल आणि जोडलेल्या एक्सरेफ, म्हणजे संदर्भाला जोडलेली इतर ड्रॉइंगं, सगळं एका झिपमध्ये बांधतं. सोबत काळी पीडीएफ द्या, म्हणजे त्याला ताडून बघता येईल. आणि टेबलात बदल केले असतील, तर ते स्वतःच्या ऑफिसच्या नावानं सेव्ह करा. ‘मोनोक्रोम डॉट सीटीबी’ हे नाव प्रत्येक मशीनवर आधीपासूनच असतं. तुम्ही त्याच नावात बदल करून पाठवलंत, तर त्याच्याकडे त्याची स्वतःची, न बदललेली फाइल उचलली जाईल, आणि तुमच्या ०.५ च्या कडा त्याच्याकडे पुन्हा मापांच्या जाडीनं येतील.