परड्यातलं झाड आणि बुंध्याजवळचा भुसा

मंडळी, आपल्या पेठांमधली जुनी घरं बघा. पुढं रस्ता, मागं परडं, आणि परड्यात एखादा तरी आंबा किंवा फणस. घरं पडली, वाटण्या झाल्या, अपार्टमेंट उभी राहिली, तरी कुठं कुठं ही झाडं शिल्लक आहेत. एप्रिल-मेमध्ये त्यांच्या सावलीची किंमत त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावी. अशा झाडाची एखादी फांदी वाळायला लागली की घरात धावपळ सुरू होते. पाणी वाढवतात, खत घालतात, कुणीतरी सांगितलं म्हणून बुंध्यात जळकं ऑइल ओततात. सगळ्यांची नजर शेंड्याकडं असते. मी आज तुम्हाला बुंध्याकडं बघायला सांगायला आलोय.

बुंध्याच्या सालीला भोक दिसतंय का? त्याखाली लाकडाचा भुसा पडलाय का? सालीतून चिकट रस गळतोय का? तर आत अळी आहे. आंब्याच्या खोडकिड्याची अळी. कोकणात त्याला भिरूड म्हणतात, आपल्याकडं बरेच जण नुसतं 'भुंगा लागलाय' म्हणतात. भुंगा चांगला बोटभर लांब, करडा, अंगाएवढ्या किंवा त्याहून लांब मिशांचा. मृगाच्या आगेमागे पाऊस सुरू झाला की तो लाकडातून बाहेर पडतो. मादी सालीला जबड्यानं चीर पाडते आणि तिथं अंडं घालते. अळी पांढरट, बिनपायाची, वाढत वाढत हाताच्या बोटापेक्षा लांब होते आणि साधारण वर्षभर झाडाच्या आतच राहते.

ती नेमकं काय खाते, हे समजून घ्या. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक ओला, जिवंत पदर असतो. झाड जाडीनं वाढतं ते तिथून. पानांनी तयार केलेलं अन्न मुळांकडं उतरतं ते त्याला लागून असलेल्या आतल्या सालीतून. अळी आधी हाच भाग पोखरते, मग लाकडात शिरते. तिचा बोगदा खोडाभोवती फिरत गेला तर मुळं उपाशी राहतात, आणि वरच्या फांद्या वाळतात त्या सगळ्यात शेवटी. म्हणजे फांदी वाळलेली दिसते तेव्हा आतलं काम कित्येक महिन्यांपासून चाललेलं असतं. त्यावर खत घालून काय होणार?

इथं एक फरक सांगतो. फांद्यांच्या बेचक्यात रेशमी धाग्यात अडकलेल्या भुशाची जाळी दिसली, तर ती साल खाणारी अळी. पेरू, जांभूळ, शेवगा, गुलमोहर, कशावरही येते. दिवसा भोकात बसते, रात्री जाळीखालून फिरून साल खाते. जाळी खरवडून काढली आणि भोकात तार घातली की बहुतेक वेळा काम भागतं. खोडकिडा तेवढा सोपा नाही.

त्याचा उपाय हातानं करायचा आहे. संध्याकाळी बुंध्याजवळचा सगळा भुसा झाडून घ्या. सकाळी ज्या भोकाखाली ताजा, ओलसर भुसा दिसेल, तेच भोक चालू आहे. बाकीची जुनी असतात, त्यांच्यामागं लागू नका. त्या भोकाभोवतीची सुटलेली साल धारदार सुरीनं काढा. सायकलच्या चाकाची तार घ्या, टोक जरासं वाकवा आणि हळूहळू आत सरकवा. बोगदा वळलेला असतो, तार अडते, घाई करायची नाही. तारेला मऊ काही लागलं आणि पांढरा ओलावा आला की अळी सापडली. मग पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत सारा आणि भोक ओल्या मातीनं लिंपा. त्या वेळी जवळपास विडी-काडी नको. आठवड्यानं पुन्हा बघा. नवा भुसा आला तर पुन्हा तार. पूर्वी यासाठी डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक सर्रास सांगितलं जायचं, पण २०२० च्या अखेरीपासून आपल्या देशात त्यावर बंदी आहे. दुकानात जुनी बाटली मिळाली तरी घेऊ नका. ज्या परड्यात विहीर आहे, पोरं खेळतात, ज्या झाडाची फळं आपण खातो, तिथं आधी तारच.

उपायापेक्षा अटकाव कितीतरी स्वस्त पडतो. पावसाआधी बुंध्याला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना वेगळ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत, आणि मग एकत्र. लोखंडी विळा मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. त्याच दिवशी वापरून संपवा. सालीवरच्या जखमा बुरशीपासून वाचतात आणि भुंग्याला अंडी घालायला चिरा कमी मिळतात.

आणि कृपा करून बुंध्यापर्यंत फरशी नेऊ नका. पार्किंगसाठी ब्लॉक बसवताना बुंध्याला गच्च आवळलेली झाडं मी गावभर बघतो आणि जीव तुटतो. मुळांना पाणी नाही, हवा नाही, वरून कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी खिळे. खोडकिडा बहुतेक वेळा असंच दुबळं, जखमी झाड धरतो. निदान तीन फूट माती मोकळी ठेवा, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या.

एवढं करूनही काही झाडं हातची जातात. बुंधा ठोकल्यावर पोकळ वाजला, झाड घरावर झुकलं असेल, तर महापालिकेकडं रीतसर अर्ज करा. १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार शहरात स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. मात्र तोडल्यावर ओंडके जळणासाठी परड्यात रचून ठेवू नका. अळी त्या लाकडात जगते आणि मृगात भुंगा होऊन शेजारच्या आंब्यावर जाते. ते लाकूड फोडून पाऊस सुरू व्हायच्या आत बंबात जाळून संपवा.