पोटाशी धरायचा कॅमेरा

श्रोतेहो, नमस्कार. घरातल्या माळ्यावर दोन भिंगांचा जुना कॅमेरा पडून असेल, तर आज तो खाली काढा. याशिका मॅट १२४ जी हा त्यातला ओळखीचा, म्हणून त्याच्याच आधाराने बोलू. वरच्या भिंगातून आपण पाहायचं आणि खालच्या भिंगातून फिल्मवर चित्र उमटतं. १२० या मापाच्या फिल्म-रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या १२ फ्रेम मिळतात, बस्स. तेव्हा चुका करायच्या त्या रोल भरण्याआधी.

आधी मागचं झाकण उघडा. फिल्म ज्या पट्ट्यांवर टेकते, त्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, एफ ३.५ ला पूर्ण उघडा (एफचा आकडा लहान, तितकं छिद्र मोठं), शटर ‘बी’वर, म्हणजे दाबून धरू तोवर उघडं राहील असं ठेवून केबल रिलीजनं, म्हणजे शटर दाबायच्या तारेनं, उघडं धरा आणि कॅमेरा समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे रोखा. कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या पाहायच्या काचेवर टाकीची कड रेखीव झाली, की कागदावरच्या उलट्या चित्रातही ती तशीच दिसली पाहिजे. दिसली नाही, तर दोन भिंगांची जुळणी सुटली आहे. हे काम जाणत्या कारागिराचंच; घरी स्क्रू सोडवू नका. मग शटर एक सेकंदावर लावून ऐका. आवाज रेंगाळला, तर आतलं तेल घट्ट झालंय. भिंगातून टॉर्चही मारून पाहा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. नाशिकच्या पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये कोंडून ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

वरच्या काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं. रामकुंडावर माणूस उजवीकडे निघाला, की काचेवर तो डावीकडे सरकतो. चित्र ज्या बाजूला निसटतंय, त्याच्या विरुद्ध बाजूला कॅमेरा वळवायचा. दोन-तीन संध्याकाळी रिकाम्या कॅमेऱ्यानं हा सराव केलात, की हात आपोआप वळतो.

आता उजेड. या कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला आहे, आणि ते सेल आता बनत नाहीत. दीड व्होल्टचा साधा सेल घातला, तर मीटर चुकतो. त्यापेक्षा फोनमधला मीटर वापरा. लख्ख उन्हात तर मीटरही नको: ४०० आयएसओची फिल्म (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते), एफ १६, शटर सेकंदाचा पाचशेवा भाग.

पण काळाराम मंदिरासमोर थांबा. मीटरला काळा दगड कळत नाही. समोर जे असेल ते मधल्या राखाडी रंगाचं आहे, असंच तो धरून चालतो. नुसत्या दगडावर मोजून एफ ८ आणि १/१२५ आलं आणि तेच लावलंत, तर दगड राखाडी येईल, आकाश पार धुऊन जाईल. दोन स्टॉप कमी करा, म्हणजे एफ १६; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. दगड काळा राहील आणि छिन्नीच्या खुणाही दिसतील. घाटावर वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरांवर मोजलंत, तर उलट दीड-दोन स्टॉप वाढवा.

रोल सावलीतच भरा. झाकणाच्या आतली, फिल्म सपाट धरणारी दाबपट्टी १२० च्या खुणेवर आहे ना, ते आधी बघा. रिकामी रीळ वर, नवा रोल खाली. कागदाची काळी बाजू भिंगाकडे. टोक वरच्या रिळाच्या फटीत सरळ खोचा. तिरकं गेलं तर रोल एका कडेनं फुगतो आणि त्या कडेतून उजेड शिरतो. कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी आला, की झाकण लावा आणि हँडल अडेपर्यंत पुढे फिरवा. मग तेच हँडल उलटं फिरवून जागेवर आणलं, की शटर चढतं. सेल्फ टायमरच्या खटक्याला मात्र हात लावू नका. जुन्या कॅमेऱ्यात तो मध्येच अडकला, तर शटरही अडकून बसतं.

बारावी फ्रेम झाल्यावर कागद संपेपर्यंत हँडल फिरवत राहा. झाकण उघडताना रोल अंगठ्यानं घट्ट दाबून धरा, टोक आत दुमडा, डिंकाची पट्टी ओली करून चिकटवा आणि रोल लगेच काळ्या डबीत टाका.