लिनक्स टाकण्याआधी डबा उघडा

नमस्कार मंडळी. बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, 'जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स कसं टाकायचं'. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. ते टाकायचं कसं, तेही सांगतो. पण आधी माझा हट्ट ऐकून घ्या: लगेच टाकू नका. आठवडाभर पेनड्राइव्हवरून चालवा आणि दुखणं विंडोजचं आहे की मशीनचं, तेवढं ओळखा.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. म्हणजे क्रोशाचं कव्हर घालून बसलेले आपले कोअर टू ड्युओ आणि जुने आय-थ्री दारातच अडले. दुकानात सांगतात, "काका, भंगारात काढा." घरात पुतण्या सांगतो, "लिनक्स टाका, विमानासारखा पळेल." दोघांनीही डबा, म्हणजे सीपीयूचं कॅबिनेट, उघडलेला नसतो. तार उतरली म्हणून मिरजेत कुणी तंबोरा मोडीत काढत नाही, आधी कान लावून बघतात.

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालतं तेव्हा ते हार्डडिस्कला हात लावत नाही, सगळा कारभार रॅममध्ये. हाच त्याचा खरा उपयोग. विंडोज रखडतंय आणि पेनड्राइव्हवर सगळं सुरळीत, तर संशय हार्डडिस्कवर किंवा विंडोजवर. पेनड्राइव्हवरही मशीन अडकतंय, मध्येच बंद पडतंय, तर रॅम नाहीतर उष्णता. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडू झालेली असते, पंख्याच्या जाळीत धुळीची गादी. एक मात्र ध्यानात ठेवा. पेनड्राइव्हवरून प्रत्येक प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो, विशेषतः यूएसबी २च्या पोर्टवर. तो दोष मशीनच्या खाती मांडू नका. दुसऱ्यांदा उघडून बघा.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे येतो: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल. रुपयाच्या नाण्याएवढा, तीन व्होल्टचा. मेन स्विच बंद असताना घड्याळ आणि बायॉसच्या (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज याच्यावर जगतात. काही वर्षांनी तो उतरतो, आणि मशीन रोज सकाळी १ जानेवारी २००९ला जागं होतं. सुरू करताना एफ१ दाबायला सांगतं. घरची माणसं इमानदारीत वर्षानुवर्षं एफ१ दाबतात. काहींनी तर त्या बटणावर स्टिकर लावलाय. हसू नका, तुमच्यातलेच आहेत! मग ब्राउझर उघडला की बँकेची साइट 'असुरक्षित'. कारण साइटच्या सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि २००९च्या हिशेबानं ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही. लिनक्समध्ये अपडेट करायला गेलात तर तेही म्हणतं, ही फाइल अजून वैध नाही. निष्कर्ष काय निघतो? "नेट गंडलंय", "व्हायरस आहे", "लिनक्स बेकार". नेट जोडल्यावर लिनक्स वेळ सहसा स्वतःच लावून घेतं, त्यामुळे रोग झाकला जातो. मेन स्विच बंद झाला की पुन्हा पहिले पाढे.

सेल बदलताना पॉवरची वायर काढा, प्लसची बाजू वर ठेवा, मग बायॉसमध्ये तारीख भरा. तिथेच साटा मोड (हार्डडिस्कशी बोलायची पद्धत) बघा. सेल उतरल्यावर बायॉस मूळ सेटिंग्जवर जातं, एएचसीआय मोडचा जुना आयडीई मोड होऊ शकतो, आणि कालपर्यंत चालणारं विंडोज निळा पडदा दाखवतं.

हार्डडिस्कचं थोडक्यात. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकारात 'डिस्क्स' उघडा आणि मेनूतून स्मार्ट डेटा (डिस्कच्या तब्येतीची नोंद) बघा. 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर शून्याऐवजी आकडा दिसला तर आधी लग्नाचे फोटो बाहेर काढा, बाकी नंतर. साधी २.५ इंची साटा एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) जुन्या बोर्डावरही बसते. तिनं पडणारा फरक कुठलंही लिनक्स टाकून पडत नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणे. म्हणजे फळ्यावरचा विषय आता धावत.

चार जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. दोन जीबीवर मिंट सुरू होतं, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की घाम फुटतो. तिथे अँटिएक्स हे आणखी हलकं लिनक्स बरं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, आतला डेटा पुसला जाणार. विंडोजवर रूफस या प्रोग्रॅमनं बनवा आणि जुन्या बायॉसच्या मशीनसाठी त्यात पार्टिशनची पद्धत एमबीआर निवडा. जीपीटी ठेवलंत तर बूटच होणार नाही, आणि नावं लिनक्सला. बूट मेनू (कशावरून सुरू करायचं ते विचारणारी यादी) डेल-लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९. काळा पडदा आला तर मिंटच्या सुरुवातीच्या यादीतला कम्पॅटिबिलिटी मोड निवडा. वायफाय दिसलं नाही तर ते बहुधा ब्रॉडकॉमचं कार्ड असतं. मोबाइल वायरनं जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. यूट्यूब अडखळलं तर ७२० किंवा ४८०वर या. तिथले व्हिडिओ बरेचदा व्हीपी९ या व्हिडिओ दाबून बसवायच्या पद्धतीत येतात, ते उलगडायची सोय जुन्या चिपमध्ये नसते, सगळा बोजा प्रोसेसरवर. एचपी लेझरजेट १०२०वाल्यांनी एचपीचा प्लगइन टाकावा, त्या प्रिंटरला दर वेळी चालू केल्यावर फर्मवेअर (त्याच्या आत चालणारा प्रोग्रॅम) पाजावं लागतं.

विंडोज शेजारी ठेवणार असाल तर आधी बॅकअप. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) लिनक्समध्ये नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. जागा विंडोजमधूनच कमी करा, चाळीस-पन्नास जीबी सोडा. नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय समजून वाचतं. हे मात्र सेलचं दुखणं नाही!

मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच. युनिकोड फाइली जशाच्या तशा उघडतात. जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या पत्रिका उघडायच्या तर तोच फॉन्ट कॉपी करून टाकावा लागेल.

शेवटची चिठ्ठी: "टॅली चालेल का?" टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. दुकानाचा हिशेब त्याच मशीनवर असेल तर आज फक्त पेनड्राइव्हवरून बघा आणि इन्स्टॉलच्या आयकॉनला हात लावू नका. स्क्रू ड्रायव्हर आणि सेल मागच्या टेबलावर ठेवलेत. ज्यांनी डबा बरोबर आणलाय त्यांनी थांबा.