रेसच्या मोसमातलं लष्कर

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाट चढून पुण्यात आलं की त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याच्या लष्करातले, म्हणजे आजच्या कॅम्पातले, कितीतरी संसार या फरकावर उभे होते. जूनमध्ये महालक्ष्मीचं मैदान चिखलात रुतलं की तिथल्या घोड्यांच्या शर्यती थांबायच्या. मग घोडे, मालक, जॉकी, बुकी आणि त्यांच्यामागून पैसा, सगळेच पुण्याची वाट धरायचे.

मुंबईचा गव्हर्नरही याच दिवसांत पुण्यात असे. उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात गणेशखिंडीचा बंगला आणि थंडीत मुंबई, असा त्या सरकारचा वर्षाचा फेरा ठरलेला होता. गव्हर्नर आला की कचेऱ्यांचे साहेब आले, संस्थानिक आले, मुंबईचे पारशी आणि बगदादी ज्यू श्रीमंत आले. बंडगार्डनला होड्यांच्या शर्यती, जिमखान्यात नाच, आणि या सगळ्याच्या मधोमध रेसकोर्स. पुण्याचं हे मैदान 1830 सालचं, लष्कराच्या जमिनीवरचं. सुरुवातीला तिथे पलटणीतले अधिकारी आपापले घोडे पळवीत. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र त्या हौसेचा मोठा व्यवहार झाला होता, आणि आज मला बोलायचं आहे ते या व्यवहाराबद्दल. शर्यत कोणी जिंकली, चषक कोणी उचलला, याच्या नोंदी जागोजागी सापडतात. तो घोडा धावण्याच्या लायकीचा कोणी ठेवला, हे फारसं कोणी लिहून ठेवलेलं नाही.

एक घोडा डोळ्यांसमोर आणा. त्या काळी पुण्याच्या मैदानावर अरबी घोड्यांच्या शर्यती वेगळ्या लागत. हा घोडा इराणच्या आखातातून बोटीने मुंबईला उतरलेला. तिथे भेंडीबाजाराच्या बाजूला अरब व्यापाऱ्यांचे तबेले होते. जाणकार गिऱ्हाईक तिथे जाऊन दात बघायचं, पायांवरून हात फिरवायचं, चाल बघायचं आणि मग सौदा व्हायचा. पुढे घोडा रेल्वेच्या डब्यातून पुण्याला आला. आता त्याला लागतं काय? सकाळ-संध्याकाळ चंदी. म्हणजे दिवसाला काही किलो हरभरा आणि जव, आणि त्याच्या दुपटीने गवत. शंभर घोड्यांचा हिशेब केलात तर लष्करातल्या धान्याच्या दुकानांवर रोज पोत्यांची थप्पी का लागत असेल ते लगेच ध्यानात येईल. हा हरभरा आसपासच्या तालुक्यांतूनच गाडीने येणार. पावसाने दगा दिला, धान्य महाग झालं, तरी रेसच्या घोड्याची चंदी कमी करता येत नाही. या दुकानदारांचा मोसमातला धंदा त्यामुळेच खात्रीचा होता.

गवताचं काम त्याहून कष्टाचं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे घोड्यामागे एक मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, आणि बहुतेक ठिकाणी एक गवत कापणारा किंवा कापणारी असे. खुरप्याने हरळी मुळासकट खणायची, माती झटकायची, धुवायची, भारा बांधायचा आणि डोक्यावरून तबेल्यात आणून टाकायचा. भर पावसात, रोजच्या रोज. या कामात बाया पुष्कळ होत्या. रेसच्या दिवशी मैदानावर ज्या टोप्या आणि रेशमी झगे मिरवले त्यांची छायाचित्रं आजही बघायला मिळतात. पाठीवर इरलं घेऊन हरळी खणणाऱ्या बाईचं छायाचित्र मी आजवर कुठे पाहिलेलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. त्या भाऱ्यावाचून तो घोडा उभासुद्धा राहिला नसता.

मोतद्दार तर घोड्याशेजारीच झोपायचा. पहाटे खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करणं, मग मैदानावर फेरी, परत आणून मालिश, पाय पाण्यात धरणं, पट्ट्या बांधणं. घोडा चंदी टाकून देतो आहे, डाव्या पुढच्या पायावर भार देत नाही आहे, हे सर्वांत आधी कळायचं त्याला. ट्रेनर साहेब असला तरी त्याचे डोळे आणि कान हा मोतद्दारच होता.

आणि नालबंद. घोड्याचं खूर महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतं. म्हणून चार-सहा आठवड्यांनी जुना नाल काढायचा, खूर तासायचं आणि नवा नाल ठोकायचा. रेसच्या घोड्याचा नाल टांग्याच्या घोड्यासारखा जाड चालत नाही. तो पातळ आणि हलका घडवावा लागतो. खिळा केसभर आत गेला की घोडा लंगडा, मालकाचे हजारो रुपये पाण्यात आणि नालबंदाची रोजी बुडाली. इतकी जोखीम असलेला कारागीर दिवसाला किती कमवत असेल, याचा विचार त्या जुन्या चषकांकडे बघताना मनात येतोच.

आता मेन स्ट्रीटवर येऊ, म्हणजे आजच्या महात्मा गांधी रस्त्यावर. ईस्ट स्ट्रीट, सेंटर स्ट्रीट, कॅनॉट मार्केट म्हणजे आपली शिवाजी मंडई, हा सगळा बाजार पलटणींच्या गरजेतून वाढला. पारशी, बोहरी, ज्यू, गोव्याचे ख्रिस्ती, मद्रासकडचे मुदलियार, मारवाडी, आणि शहरातून नि खेड्यांतून आलेले मराठी लोक, अशी सगळी वस्ती. दोराबजींच्या खानावळीचं नाव तुम्हाला ठाऊक असेल. ती 1878 सालापासूनची. रेसच्या मोसमात खानावळी, हॉटेलं, सोडावॉटरचे कारखाने, बर्फवाले, दारूची दुकानं, शिंपी, धोबी, खोगिरं नि लगाम शिवणारे चांभार, शर्यतींचे कार्यक्रम छापणारे छापखाने, सगळ्यांचे हात चालू राहायचे. टांगेवाल्यांचे तर हेच सुगीचे दिवस.

पण रोख पैसा गल्ल्यात लगेच पडायचा असं नाही. गोरे साहेब चिठ्ठीवर सही करून माल उचलायचे आणि हिशेब महिनाअखेरीस व्हायचा. साहेब रेसमध्ये हरला, किंवा त्याची पलटण दुसरीकडे हलली, तर ती चिठ्ठी दुकानदाराच्या हातात राहायची. मैदानावर पैज लावणारा एकच असे, पण त्याच्या हरण्याची झळ मागच्या गल्लीतल्या शिंप्यालाही लागायची.

मैदानाच्या आतही पायऱ्या होत्या. मोठ्या लोकांचा भाग वेगळा, सामान्यांचा वेगळा. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. मुंबईच्या भायखळा क्लबात किंवा यॉट क्लबात हिंदी माणसाला, तो महाराजा असला तरी, सभासद होता येत नव्हतं. ती अडचण पाहून गव्हर्नर विलिंग्डन यांच्या काळात महालक्ष्मीच्या रेसकोर्सजवळ सर्वांना खुला असा विलिंग्डन क्लब निघाला. पण घोड्याचा मालक म्हणून हिंदी श्रीमंताचं मैदानावर आधीपासूनच स्वागत होतं. आगाखान तिसरे, संस्थानिक, व्यापारी यांच्या पैशावाचून शर्यती चालल्याच नसत्या. राज्यकर्त्यांचा वर्णभेद पैशापुढे किती वाकतो, हे इथे उघड दिसतं.

या धंद्याचं दुसरं अंग झाकून ठेवणं मला पटत नाही. जुगार फक्त बड्यांपुरता राहिला नव्हता. कारकून, गिरणीकामगार, लहान दुकानदार, सगळ्यांना त्याची चटक लागली होती, आणि पैजा मैदानाबाहेर गल्लीबोळांत घेतल्या जात होत्या. 1912 साली मुंबई सरकारने रेसकोर्सना परवाने देण्याचा कायदा केला. परवाना असलेल्या मैदानावर, शर्यतीच्या दिवशी, ठरवून दिलेल्या जागेत लावलेली पैज कायदेशीर. बाकी सगळा जुगार. पुढे 1925 साली पैजांवर करही बसला. म्हणजे सरकारलाही त्यातून उत्पन्न सुरू झालं. व्याजाने पैसे काढून घोड्यावर लावणाऱ्या कामगाराच्या घरी मात्र या कायद्याने चूल पेटली नाही. मोसमाने लष्करातली घरं चालवली हे जितकं खरं, तितकंच त्याने काही घरं मोडली हेही खरं.

मुंबईहून येणाऱ्या गर्दीसाठी रेल्वे खास गाड्या सोडायची. 119 मैलांचा प्रवास, मध्ये बोरघाट. 1929 मध्ये पुण्यापर्यंत विजेची गाडी आली आणि 1 जून 1930 रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. आज नोकरदारांची म्हणून ओळखली जाणारी ही गाडी सुरुवातीला शनिवार-रविवारची होती, आणि तिचा मोठा आधार रेसला येणारे श्रीमंत प्रवासी होते. तिसऱ्या वर्गाचा डबा तिला 1955 मध्ये लागला. पुण्याच्या रेसचा पैसा किती दूरवर पोचत होता, त्याचा हा रुळांवरचा पुरावा.

एक खंत सांगितल्याशिवाय राहवत नाही. भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू, ज्याच्या पाठीवर मराठ्यांचं घोडदळ उत्तरेपर्यंत दौडत गेलं, ते याच मुलुखातलं. चिवट, थोड्या चाऱ्यावर निभावणारं. पण सपाट हिरवळीवरच्या वेगात अरबी आणि विलायती घोड्यांपुढे त्याला जागा नव्हती. तो घोडा धनगरांच्या कळपांबरोबर ओझी वाहत राहिला, आणि लष्करातल्या तबेल्यांत आपली माणसं दूरदेशीच्या जनावरांना खरारा करत राहिली. स्वातंत्र्यानंतर पांडू खाडे, वसंत शिंदे, शामू चव्हाण अशी मराठी नावं जॉकी म्हणून गाजली. पण त्याआधीच्या पिढ्यांतले जे मोतद्दार, नालबंद आणि हरळी खणणाऱ्या बाया होत्या, त्यांची नावं कोण सांगणार?

श्रोतेहो, म्हणून एक विनंती करतो. तुमच्यापैकी कोणाचे आजोबा-पणजोबा लष्करात दुकान चालवत असतील, तबेल्यात असतील, टांगा हाकत असतील, तर घरातली जुनी खतावणी, बिलं, चिठ्ठ्या, शर्यतीचे छापील कागद रद्दीत घालू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला, त्यांनी ऐकलेली नावं वहीत उतरवा, आणि जमलं तर एक प्रत जवळच्या ग्रंथालयात किंवा इतिहास संशोधन संस्थेत द्या. कोणाच्या चंदीची किती बाकी होती, एवढी एक ओळसुद्धा खूप सांगून जाते.

नमस्कार.